माइकपुढं वाघ, खिडकीपुढं मुके

दोस्तहो, आधी माझंच सांगतो. नाहीतर म्हणाल, हा दुसऱ्यांची उणीदुणी काढायला बसला.

गेल्या वर्षीची गोष्ट. वस्तीत रात्री कविसंमेलन होतं. मी दोन कविता म्हटल्या. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. शिट्ट्या, घोषणा, 'वन्स मोअर'. व्यवस्थेची आई-बहीण काढून मी खाली उतरलो आणि चार जणांनी मला उचलून घेतलं. रात्री दोन वाजता घरी गेलो तेव्हा वाटत होतं, आपण बोललो की भिंती पडतात.

दुसऱ्या दिवशी पगार. गोदीत मी कंत्राटावर आहे. ठेकेदाराच्या खिडकीवर गेलो तर तीन पाळ्या कापलेल्या. खाडा एकही नव्हता. खिडकीच्या आतला माणूस वर न बघता म्हणाला, "नाव?" सांगितलं. "आडनाव?" सांगितलं. आता त्यानं वर बघितलं, जरासं हसला, म्हणाला, "अस्सं. मुकादमाला विचार." आणि मी काय बोललो माहितीय? "बरं साहेब. थँक्यू साहेब."

थँक्यू! माझ्या तीन पाळ्या गिळणाऱ्याला मी थँक्यू बोललो. रात्री भिंती पाडणारा हाच तो कवी.

घरी आलो. आईनं ताट वाढलं. सहज विचारलं, "झाला का रं पगार?" मी ताट उचललं आणि भिंतीवर फेकलं. आई काही बोलली नाही. तिनं भात वेचला, भिंतीवरची आमटी फडक्यानं पुसली आणि परत चुलीकडं तोंड करून बसली. गॅस आला तरी ती त्या कोपऱ्याला चूलच म्हणते.

त्या रात्री झोप आली नाही. कविता पण आली नाही. एकच डोक्यात. माझ्याकडं आवाज नाही असं तर नाही. राग नाही असं तर बिलकूल नाही. मग खिडकीपाशी तो कुठं गेला, आणि घरात कुठून आला?

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. आपल्या प्रत्येक मंडळात, प्रत्येक चाळीत असे पाच-दहा वाघ आहेत. माइक हातात आला की डरकाळी. शाळेत पोराच्या दाखल्यासाठी गेले, दवाखान्यात केसपेपर काढायला गेले, मुलाखतीला टेबलापुढं बसले की घशात बोळा. आणि घरी आले की बायकोवर, आईवर, बहिणीवर, धाकट्या भावावर फुटतात. आपण ह्याला स्वाभिमान म्हणतो. मी म्हणतो हा पत्ता चुकलेला राग आहे.

आता ह्यावर इलाज विकणारेही आहेत. स्टेशनच्या बाहेर खांबाखांबावर त्यांचे बोर्ड. व्यक्तिमत्त्व विकास. फाडफाड इंग्रजी. आत्मविश्वास वाढवा. माझा एक दोस्त गेला होता, उधारी काढून फी भरली. तिथं त्याला शिकवलं की ताठ बसा, डोळ्याला डोळा भिडवा, हसतमुख राहा, नकारात्मक विचार करू नका. 'भावनिक बुद्धिमत्ता' म्हणून एक शब्दही दिला. हा शब्द खोटा नाही. सॅलोव्ही आणि मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली त्यावर निबंध लिहिला, १९९५ साली डॅनियल गोलमनचं पुस्तक आलं आणि मग जगभरच्या कंपन्यांच्या साहेबांनी तो उचलला. आपली भावना ओळखणं, दुसऱ्याची ओळखणं, तिला हाताळता येणं. एवढंच ते. वाईट काय आहे त्यात? काहीच नाही. वाईट आहे ती त्या क्लासवाल्यांची गोम. ते सांगतात, दोष तुझ्यात आहे. तू लाजाळू. तू न्यूनगंडाचा. तूच डोळे खाली घालतोस.

अरे, पण डोळे खाली घालायला शिकवलं कुणी?

आपल्या तोंडाचा इतिहास काढू या जरा. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं असायचं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलना'त ते नोंदवलंय. म्हंजे पहिलं काय, तर तोंडाखाली मडकं. मग मुंबईच्या गिरण्या आल्या. कारखान्यात जात राहत नाही म्हणतात ना? कापड विणायच्या खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला घेत नव्हते. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. आपलं तोंड लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालायचा नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला. मालकाशी भांडताना भाऊ-भाऊ, आणि साच्यावर मात्र विटाळ! तोंडाचा विटाळ. गावात तर तोंड उघडायचं ते 'जोहार मायबाप' म्हणायलाच. मान खाली, कंबर वाकलेली, हात जमिनीकडं.

आणि मग शाळा. माझ्याच वर्गात झालेलं सांगतो. मी 'पानी' म्हटलं. बाई म्हणाल्या, "पानी नाही रे, पाणी. ण. ण म्हण." वर्ग हसला. मी ण म्हणायच्या नादात बाकी सगळं विसरलो. पुढं तीन वर्षं वर्गात हात वर केला नाही. उत्तर येत असूनही. आता विचार करतो आणि हसू येतं. पाण्याला हात लावू दिला नाही हजार वर्षं, आणि आता म्हणे आमचा पाण्याचा उच्चार अशुद्ध! शब्द पण बघा, शुद्ध आणि अशुद्ध. पाणवठ्यावरनं उचलला आणि व्याकरणात ठेवला.

तर हा घशातला बोळा जन्मानं आलेला नाही, कोंबलेला आहे. हे ध्यानात घेतलं की अर्धी लाज जाते. लाज बोळा कोंबणाऱ्याला वाटली पाहिजे.

पण इथंच आपण चलाखी करतो. सगळं व्यवस्थेवर ढकलतो आणि हात झटकतो. भावांनो, व्यवस्थेनं माझ्या तीन पाळ्या कापल्या हे खरं. ताट मात्र व्यवस्थेनं फेकलं नाही. ते मी फेकलं.

राग कसा वापरावा हे शिकायला आपल्याला खांबावरच्या बोर्डाकडं जायची गरज नाही. महाडला जा. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि पाणी प्याले. नंतर काय झालं? मंदिरात घुसणार अशी आवई उठवून गुंडांनी मंडपात जेवत असलेल्या आपल्या लोकांना झोडपलं. बाया, म्हातारे, कुणाला सोडलं नाही. आपली माणसं काही लेचीपेची नव्हती. त्यात पलटणीत राहून आलेले होते. नुसत्या हुकमाची वाट बघत होते. आणि बाबासाहेबांनी हुकूम दिला नाही. त्यांना आवरलं.

मी लहानपणी हे वाचलं तेव्हा मला पटलं नव्हतं. वाटायचं, एकदा द्यायचा होता हुकूम. आता दर पगाराला खिडकीपुढं उभं राहिल्यावर थोडं थोडं कळतंय. त्याच वर्षी डिसेंबरात परत परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. म्हंजे राग संपला नव्हता, त्यानं नेम धरला होता. डोकी फोडली नाहीत, डोकी जिच्यातनं येत होती ती पोथी जाळली. तळ्यावर जायला मात्र कोर्टाची मनाई आली होती. जमलेली माणसं तुरुंगात जायला तयार, नावं देऊन बसलेली. पुन्हा थांबवलं. तळ्याला वळसा घालून मिरवणूक काढली आणि कोर्टात लढले. मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आला, आपल्या बाजूनं. १९२७ ते १९३७. दहा वर्षं एक राग विझू दिला नाही आणि भलतीकडं सांडूही दिला नाही. त्या दहा वर्षांत त्या माणसाचे किती अपमान झाले असतील? कुठल्या ताटावर काढले त्यांनी?

ह्याला मी भावनेची अक्कल म्हणतो. 'बुद्धिमत्ता' मला जरा साहेबी वाटतं.

आणि एक. आपण छप्पनला धम्म घेतला. छातीवर निळा बिल्ला लावतो, पौर्णिमेला विहारात जातो. पण अष्टांगमार्गात सम्यक वाचा आहे हे आपल्याला परीक्षेपुरतं पाठ असतं. खोटं बोलू नये, चुगली करू नये, कडवट बोलून घाव घालू नयेत, वायफळ बडबड करू नये. आपल्या मंडळांतल्या भांडणांकडं बघा आणि ह्या चारांतलं कुठलं आपण सोडलंय ते सांगा. गट फुटतात ते काय नुसते विचारांवरनं? निम्मे फुटतात 'तो मला असं बोलला' यावरनं.

सतिपट्ठानात तर त्याच्याही पुढचं आहे. चित्त द्वेषानं भरलं असेल तर 'ते द्वेषानं भरलंय' असं जाणणं. दाबणं नाही, फोडणं नाही. आधी जाणणं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे, आपल्याच घरातलं, आणि आपण ते फी भरून परत विकत घेतोय. त्यात 'वेदना' हा शब्द आहे. समीक्षकांनी आपल्या कवितेला 'वेदना आणि विद्रोह' अशी चिठ्ठी लावून फळीवर ठेवून दिली. वेदना म्हंजे दुखणं असंच आपण धरून चाललो. पाळीत वेदना म्हंजे नुसती जाणवण. सुखाची, दुखाची आणि ना-सुख-ना-दुखाची पण. मला हे कळलं तेव्हा वाटलं, च्यायला, आपण तर तिसरा हिस्साच लिहितोय! आपल्या कवितेत आई हसताना कितीदा येते?

कुणी म्हणेल, हा विद्रोह सोडून विपश्यनेला लागला. नाही रे बाबा. कडवट बोलू नये म्हंजे गोड बोलावं असं नाही. बाबासाहेबांचा कुठलाही अग्रलेख काढा, लोण्यात घोळलेला एक शब्द सापडणार नाही. पण शिवी पण सापडणार नाही. आणि ही आई-बहिणीवरची शिवी, जी मी परवा स्टेजवर दिली, ती खरी कुणाला लागते? व्यवस्थेला आई नाही. ती लागते समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्या आपल्याच बायांना. माझी बहीण त्या रात्री उठून गेली होती. मला वाटलं, झोप आली असेल.

आता गोदीतलं एक सांगतो, कारण मला बोलणं खरं तिथं कळलं.

जहाजाच्या हॅचमध्ये खाली उतरलं की वरनं कुणी कितीही बोंबललं तरी ऐकू येत नाही. क्रेनची घरघर, लोखंडावर लोखंड. तिथं सगळं बोलणं हातानं. काठावर एक माणूस उभा असतो, त्याच्या हाताकडं क्रेनवाला बघतो. तोंडानं बोलायचे शब्द दोनच, 'हाबेस' म्हंजे उचल आणि 'आर्या' म्हंजे खाली सोड. जुन्या खलाशांचे शब्द, 'आर्या' तर मूळ पोर्तुगीज. आमच्या टोळीत ह्यावर रोजचा विनोद असतो, आर्यांना खाली सोडा म्हणून. तर तो काठावरचा माणूस. त्याला खालचे आम्ही दिसले पाहिजेत आणि वरच्या क्रेनवाल्याला तो दिसला पाहिजे. तो चिडला, घाबरला, हात भलतीकडं हलला की खाली कुणाचा तरी पाय गेला. म्हणून इशारा एकानंच करायचा. दोघांनी केला की घोटाळा. पण 'थांब'? थांब कुणीही करू शकतो. काल लागलेला पोरगा पण. त्यानं हात केला की क्रेन थांबलीच पाहिजे.

आमच्यात एक मामा आहेत, पन्नाशीचे, हे काम तेच करतात. मी त्यांना त्या खिडकीचं सांगितलं. ताटाचं नाही सांगितलं, लाज वाटली. मामा बिडी विझवून म्हणाले, "तू गेलास तवा तुला राग आला का भ्या वाटलं?" मी म्हटलं, राग. ते म्हणाले, "खोटं. आधी भ्या वाटलं. मग भ्या वाटल्याचा राग आला. तो घरी नेलास." ताटाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गोलमनचं पुस्तक मी निम्मं वाचून ठेवलंय. मामांचं एक वाक्य मला अजून पुरतंय.

तेव्हापासून आमच्या अभ्यासवर्गात आम्ही रविवारी एक खेळ करतो. हसू नका. एक जण साहेब होतो, टेबलामागं बसतो. दुसरा आपली खरी अडचण घेऊन जातो, कापलेली पाळी, अडवलेला जातीचा दाखला, भाड्यानं खोली देताना विचारलेलं आडनाव. साहेब झालेला पोरगा इतका हुबेहूब साहेब होतो की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. इतके दिवस ऐकून घेतलंय ना, पाठच झालेलं असतं. आणि समोरचा, आपलाच दोस्त आहे हे माहीत असून, अडखळतो. पहिल्या रविवारी एक जण रडला. मग आम्ही थांबवतो आणि विचारतो, आता काय वाटलं? 'राग' म्हणून चालत नाही. भीती, लाज, घाई, आत काय ते नीट नाव घेऊन सांगायचं. चार-पाच रविवार गेले की गंमत होते. गडी अडखळतो, पण अडखळलो म्हणून पळत नाही. अडखळत अडखळत वाक्य पुरं करतो. माझ्या मते आत्मविश्वास ह्याहून वेगळा काही नसतो. ण नाही आला तर नाही आला. 'पानी द्या' म्हटलं तरी पाणीच मागितलंय हे ऐकणाऱ्याला कळतं. ण शिकायला माझी ना नाही. इंग्रजी तर शिकलंच पाहिजे, बाबासाहेबांनी त्या भाषेत साहेबाला घाम फोडला. पण ते हत्यार म्हणून शिका. तोंड धुऊन घेण्यासाठी नको.

ह्या खेळातली सर्वांत अवघड पाळी कुठली माहितीय? जेव्हा एक बहीण म्हणाली, "मला ठेकेदाराशी नाही बोलायचं. मला नवऱ्याशी बोलायचंय. कोण होतो नवरा?" खोलीत शांतता. माइकपुढचे सगळे वाघ खाली बघत होते.

बाबासाहेबांनी १९२० साली पाक्षिक काढलं, नाव ठेवलं 'मूकनायक'. मुके कोण ते तेव्हा उघड होतं. आज आपल्या घरात मुकं कोण आहे? बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं. पुस्तक १९८६ साली आलं. पण कित्येक वर्षं त्यांनी ते लिखाण नवऱ्यापासून लपवून ठेवलं होतं. आपल्याच घरात, आपल्याच माणसापासून. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली पुस्तक काढलं, 'आम्हीही इतिहास घडवला'. आंबेडकरी चळवळीतल्या बाया शोधून, त्यांना बोलतं करून. त्या 'ही'मध्ये काय काय भरलंय ते एकदा घरी जाऊन ऐका. बोलायला शिकणं म्हंजे निम्मं ऐकायला शिकणं, आणि ह्या निम्म्यात आम्ही पुरुष सगळे नापास. आपल्याला टाळ्या ऐकू येतात. तिसऱ्या रांगेतनं कुणी उठून गेलं ते दिसत नाही. हॅचच्या काठावर असा माणूस एक दिवस टिकणार नाही.

खिडकीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं.

मी वहीत तारखा लिहिल्या. कुठल्या जहाजावर, कुठली पाळी, टोळीत कोण होतं. दोघांना बरोबर घेतलं. मामांनी एकच सांगितलं होतं, "बोलून झालं की गप उभा राहा. जागा भरायला बोलू नकोस." खिडकीपाशी गेलो. पाय लटपटत होते, लिहायला लाज नाही. मनात म्हटलं, हे भ्या आहे, असू दे. आतल्यानं परत आडनाव विचारलं. सांगितलं. म्हटलं, "तीन पाळ्या कापल्यात. ह्या तारखा. का कापल्या ते कागदावर लिहून द्या." तो म्हणाला, मुकादमाला विचार. मी म्हटलं, "तेच लिहून द्या." आणि गप उभा राहिलो. मागं रांग वाढत होती. तो कागदाकडं बघत राहिला, मी त्याच्याकडं. ते एक मिनिट मी स्टेजवर घालवलेल्या सगळ्या रात्रींपेक्षा लांब होतं. शेवटी तो म्हणाला, "बघतो." पुढच्या पगारात दोन पाळ्या आल्या.

ह्यावेळी थँक्यू बोललो नाही. शिवी पण दिली नाही. घरी आलो, आईपुढं पैसे ठेवले आणि तिला सगळं सांगितलं, खिडकीचं, भ्याचं, त्या दिवशीच्या ताटाचं. ताटाचं सांगताना माझं वाक्य तीनदा तुटलं. तिनं पैसे मोजले. परत मोजले.

म्हणाली, "आन् तिसरी?"